बोवीचा पोपट

१९७२ सालच्या डिसेंबरात अमेरिकेचा दौरा आटोपून इंग्लिश रॉक गायक डेव्हिड बोवी ‘एलिनिस’ नावाच्या बोटीने इंग्लंडला परतत होता. विमानाची त्याने इतकी धास्ती घेतली होती की अटलांटिकसारखा महासागरही तो बोटीने ओलांडत असे, आणि बोटीवरच्या रिकाम्या दिवसांत वाचण्यावाचून करण्यासारखे फारसे काही नसे. या खेपेला त्याच्या हातात एव्हलिन वॉ यांची ‘व्हाइल बॉडीज’ ही १९३० सालची कादंबरी होती. लंडनमधली खुशालचेंडू तरुण मंडळी एका मेजवानीतून दुसऱ्या मेजवानीत आणि एका सोंगातून दुसऱ्या सोंगात कशी वाहवत जातात, याची ही हसवता हसवता गारठवणारी गोष्ट आहे. शेवटच्या प्रकरणात लेखक नायकाला थेट एका अफाट रणांगणावर नेऊन उभा करतो, आणि तिथेही चिखलात आसापर्यंत रुतलेल्या एका मोटारीत शॅम्पेन उघडली जाते. कादंबरी छापली गेली तेव्हा दुसरे महायुद्ध सुरू व्हायला नऊ वर्षे अवकाश होता.

बोवीने त्या प्रवासातच एक गाणे लिहायला घेतले. ‘अलॅडिन सेन’ हे त्याचे नाव, आणि नावापुढे तीन साले: १९१३, १९३८ आणि १९७?. पहिली दोन साले महायुद्धांच्या आदल्या वर्षांची आहेत. तिसऱ्यातला शेवटचा आकडा त्याने मोकळा सोडला.

हे गाणे मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा यातले काहीच मला ठाऊक नव्हते. कॅसेटच्या आतल्या कागदावर बारीक टायपात छापलेले ते प्रश्नचिन्ह मात्र डोक्यात बसले, आणि पुढे कित्येक वर्षे मी ते छपाईतली चूक समजत होतो. वॉ यांची कादंबरी हाती आली ती फार उशिरा. तिच्या शेवटच्या पानांवर पोहोचलो, आणि माइक गार्सन याने त्या गाण्यात वाजवलेला पियानो एकाएकी कानात सुरू झाला: जिन्यावरून कोणीतरी काचसामान घेऊन गडगडत यावे तसा, तरीही शेवटपर्यंत तोल न सोडणारा. चिखलात शॅम्पेन उघडल्याचा आवाज असाच असणार, असे वाटले. त्या दिवशी मला जो आनंद झाला त्यात, खरे सांगायचे तर, चोरकप्पा सापडल्याचा भाग बराच होता. प्रत्येक गाण्यामागे असा एखादा कप्पा असणार आणि त्याची किल्ली कुठल्यातरी पुस्तकात असणार, अशी माझी समजूत झाली.

किल्ल्यांचा जुडगा तर आयताच उपलब्ध होता. २०१३ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात बोवीच्या कारकिर्दीवर मोठे प्रदर्शन भरले आणि त्याच्या निमित्ताने, त्याच वर्षी, बोवीने निवडलेल्या शंभर पुस्तकांची यादी प्रसिद्ध झाली. यादीत क्रमवारी नाही आणि स्पष्टीकरणही नाही. होमरचे ‘इलियड’ आहे आणि ‘बीनो’ हे मुलांचे चित्रसाप्ताहिकही आहे. दान्तेचा ‘इन्फर्नो’ आहे आणि ‘व्हिझ’ नावाचे वात्रट इंग्रजी नियतकालिकही आहे. एलियटची ‘द वेस्ट लँड’, नाबोकोव्हची ‘लोलिता’, बुल्गाकोव्हची ‘द मास्टर अँड मार्गारिटा’, जेम्स बाल्डविनचे ‘द फायर नेक्स्ट टाइम’, लिटल रिचर्डचे चरित्र, चित्रांमधल्या प्रतीकांचा एक कोश. शाळेतून जेमतेम एका विषयाची ओ-लेव्हल ही शालान्त परीक्षा पदरात पाडून बाहेर पडलेल्या माणसाने पुढे आयुष्यभर स्वतःचा अभ्यासक्रम स्वतःच आखला, तो हा असा.

त्याचे वाचन हा हौसेचा मामला नव्हता, ती भूक होती. १९७५ साली न्यू मेक्सिकोमध्ये ‘द मॅन हू फेल टू अर्थ’ या चित्रपटाचे चित्रीकरण सुरू असताना त्याने, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, सुमारे ४०० पुस्तके बरोबर नेली होती. न्यूयॉर्कच्या घरी ऊठबस करणाऱ्या मंडळींचा त्याला भरवसा नव्हता. पुस्तके चोरीला जातील ही भीती होती. दौऱ्यांवर पुस्तकांसाठी त्याने खास पेट्या केल्या होत्या, ॲम्प्लिफायर ठेवायच्या असतात तशा दणकट, आत फळ्या असलेल्या. त्या काळात कोकेनने त्याची दशा केली होती, वजन उतरले होते, आणि त्या अवस्थेत तो जमिनीवर पुस्तकांचे ढीग पसरून त्यांत काहीतरी शोधत बसे. दिग्दर्शक निकोलस रोग यांनी ते पाहिले आणि म्हटले की डेव्हिड, तुझी खरी अडचण ही की तू पुरेसे वाचत नाहीस. हा विनोद आहे हे बोवीच्या लक्षात यायला काही महिने लागले. तोवर आपले वाचन खरोखरच कमी पडते आहे या विचाराने तो खिन्न होता.

मी एक जाड वही घेतली आणि पानाच्या मधोमध रेघ ओढून दोन रकाने पाडले. डावीकडे पुस्तकाचे नाव, उजवीकडे त्यातून निघालेल्या गाण्याचे. पेन्सिल कानामागे अडकवून वाचन सुरू झाले.

सुरुवातीच्या नोंदी भराभर झाल्या. जॉर्ज ऑर्वेलची ‘नाइन्टीन एटी-फोर’ आणि बोवीचा १९७४ सालचा ‘डायमंड डॉग्ज’ हा अल्बम ही जोडी तर जगजाहीर आहे. या कादंबरीवर संगीत नाटक करायचे बोवीच्या मनात होते. ऑर्वेल यांच्या पत्नी सोनिया यांनी परवानगी नाकारली, आणि नाटकासाठी रचलेली गाणी या अल्बममध्ये येऊन पडली. ती परवानगी मिळाली नाही हे बरे झाले असे माझे मत आहे. त्यातले कादंबरीच्या सालावरून नाव घेतलेले गाणे मला आजही जाहिरातीसारखे वाटते. पण ‘वी आर द डेड’ हे गाणे निराळे आहे. कादंबरीत विन्स्टन आणि ज्युलिया भाड्याच्या खोलीच्या खिडकीशी उभे राहून खाली अंगणात धुणे वाळत घालणाऱ्या बाईचे गाणे ऐकत असतात, आपण मेलेलेच आहोत असे एकमेकांना सांगतात, आणि तेच वाक्य भिंतीवरच्या तसबिरीमागून एक पोलादी आवाज त्यांना परत ऐकवतो. बोवीने या प्रसंगातून हुकूमशाही उचललेली नाही. त्याने ती खोली तेवढी उचलली, आणि दाराबाहेर कोणाची तरी पावले आहेत हे कळूनही कुजबुजत राहणारी दोन माणसे.

अँथनी बर्जेस यांच्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’पाशी मी जास्त रेंगाळलो, आणि त्याचे कारण बोवी नव्हता. १९६२ सालच्या या कादंबरीतला गुंड पोरगा ‘नॅडसॅट’ नावाच्या बोलीत गोष्ट सांगतो. ती इंग्रजीत रशियन शब्द कालवून लेखकाने रचलेली आहे. मित्राला ‘ड्रूग’ म्हणायचे. चांगल्याला ‘हॉररशो’, कारण रशियन भाषेतला चांगल्यासाठीचा शब्द इंग्रजी कानाला तसा ऐकू येतो. मूळ ब्रिटिश आवृत्तीत शब्दार्थांची यादी दिलेली नाही. इंग्रज वाचक पहिल्या पंचवीस पानांत गडबडून जातात असे मी वाचले होते. माझी मुळीच गडबड झाली नाही. मराठी शाळेतून आलेल्या माणसाने वाचलेली पहिली काही इंग्रजी पुस्तके अशीच असतात: पाचांतला एक शब्द अनोळखी, कोश उघडण्याचा कंटाळा, आणि आजूबाजूच्या शब्दांचे बोट धरून पुढे सरकणे. बर्जेस यांनी इंग्रजांनाही एकदा त्याच बाकावर बसवले, याचे मला थोडे दुष्ट समाधान वाटले.

बोवीने या बोलीतला मित्राचा शब्द १९७२ मध्ये ‘सफ्रजेट सिटी’ या गाण्यात सहज फेकला होता. मग चव्वेचाळीस वर्षांनी, ‘ब्लॅकस्टार’ या शेवटच्या अल्बममध्ये, ‘गर्ल लव्ह्ज मी’ हे जवळजवळ अख्खे गाणे त्याने नॅडसॅटमध्ये लिहिले आणि त्यात ‘पोलारी’ मिसळली. इंग्लंडमध्ये समलिंगी संबंध गुन्हा होते त्या काळात समलिंगी पुरुष आणि रंगभूमीवरची माणसे आपापसांत वापरत ती सांकेतिक बोली. हा अल्बम ८ जानेवारी २०१६ रोजी, त्याच्या एकोणसत्तराव्या वाढदिवशी आला, आणि १० जानेवारीला तो गेला. आपला आजार जवळपास सर्वांपासून लपवून ठेवलेल्या माणसाला अखेरीस कोणाला चटकन न कळणारी बोली जवळची वाटावी, हे मला गाण्यातल्या एकाही शब्दाचा अर्थ न लावता कळले.

इथवर उजवा रकाना भरत होता. पुढे तो रिकामा पडू लागला. लाम्पेदूसा यांची ‘द लेपर्ड’ वाचली. सिसिलीतल्या सरंजामी घराण्याच्या अस्ताची ती कथा मला यादीतल्या सगळ्या पुस्तकांत सरस वाटली, पण तिच्यासमोर लिहायला गाणे मिळेना. अँजेला कार्टर, नेला लार्सन, ख्रिस्टा वोल्फ: रकाना कोरा. शिवाय दुसरी गंमत अशी की, ज्या लेखकाचे ऋण बोवीच्या गाण्यांत सर्वांत ठसठशीत दिसते, तो विल्यम बरोज यादीत नाहीच. लिहिलेला मजकूर कात्रीने कापायचा, तुकडे उलटसुलट जुळवायचे आणि जे वाक्य तयार होईल त्यातून ओळ उचलायची, ही ब्रायन गायसिन आणि बरोज यांची रीत बोवीने सत्तरच्या दशकात अंगीकारली. बीबीसीच्या एका माहितीपटात तो स्वतः कागदाचे तुकडे सरकवत ही रीत समजावून सांगताना दिसतो. पुढे नव्वदच्या दशकात हेच काम करणारा संगणकीय प्रोग्रॅमही त्याने करवून घेतला. ज्याची कात्री आयुष्यभर वापरली त्याचे एकही पुस्तक शंभरांत नसावे? कात्री रोज हाताशी असते, म्हणून तिची कोणी कपाटातल्या पुस्तकांत मोजदाद करत नाही, असे मी स्वतःला समजावले. पण हे समजावणे काही फार पटणारे नव्हते.

मग दोन पुस्तके अशी आली की पेन्सिल कानामागेच राहिली. एक म्हणजे आर. डी. लेंग या मनोविकारतज्ज्ञाचे १९६० सालचे ‘द डिव्हायडेड सेल्फ’. स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाचे बोलणे निरर्थक नसते, त्याच्या बाजूने ऐकले तर त्यात अर्थ लागतो, असे सांगणारे. दुसरे ज्युलियन जेन्स यांचे १९७६ सालचे, मानवी जाणिवेच्या उगमाविषयीचे, भले लांबलचक नाव असलेले पुस्तक. जेन्स यांचे म्हणणे असे की सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीपर्यंत माणसाला आज आहे तशी स्वतःची जाणीव नव्हती. मेंदूच्या एका भागातून उठलेली आज्ञा दुसऱ्या भागाला प्रत्यक्ष आवाजासारखी ऐकू येई, आणि माणसे त्या आवाजांना देव म्हणत. ‘इलियड’मधले वीर स्वतःशी विचार करताना दिसत नाहीत, देव येऊन सांगतात तसे ते वागतात, हा त्यांचा मुख्य पुरावा. स्किझोफ्रेनियात ऐकू येणारे आवाज त्यांना त्या जुन्या मनाचा अवशेष वाटतात. शास्त्रज्ञांनी ही उपपत्ती फारशी स्वीकारलेली नाही, आणि मलाही ती वाचताना अनेकदा भोवळ आली.

पण बोवीला एक सावत्र भाऊ होता. टेरी बर्न्स त्याच्यापेक्षा नऊ-दहा वर्षांनी मोठा. ब्रॉम्लीच्या चाकोरीबद्ध उपनगरात वाढणाऱ्या डेव्हिडला जॅझ ऐकायला लावणारा टेरीच, आणि जॅक केरुॲकची ‘ऑन द रोड’ त्याच्या हातात ठेवणाराही तोच. ते पुस्तक यादीत आहे. टेरीला पुढे स्किझोफ्रेनिया झाला आणि त्याची अनेक वर्षे केन हिल या मनोरुग्णालयात गेली. ‘ऑल द मॅडमेन’ हे गाणे या घरच्या दुःखातून आलेले आहे. ते ज्या अल्बममध्ये आहे त्याच्या अमेरिकी आवृत्तीच्या मुखपृष्ठावर केन हिलचीच इमारत रेखाटलेली आहे. जानेवारी १९८५ मध्ये टेरीने आपले आयुष्य संपवले. लेंग, जेन्स, ‘इलियड’ आणि ‘ऑन द रोड’ यादीत वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेली आहेत. मी मात्र ती चारही माझ्या कपाटात एकाशेजारी एक ठेवली, आणि भावाला ऐकू येणारे आवाज एके काळी सगळ्यांनाच ऐकू येत होते, असे सांगणारे पान वाचणाऱ्या धाकट्या भावाची कल्पना करून पाहिली. बोवीने ते पान तसे वाचले असेलच असे नाही. पण या पुस्तकांसमोरच्या रकान्यात गाण्याचे नाव लिहायला माझा हात धजला नाही.

त्यानंतर वहीचा विषय माझ्यापुरता संपवला तो ज्युलियन बार्न्स यांच्या ‘फ्लोबेर्स पॅरट’ने. हे १९८४ सालचे पुस्तकही त्याच शंभरांत आहे. फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेर याने ‘अ सिंपल हार्ट’ या कथेत एका मोलकरणीचा लाडका पोपट रंगवला. तो लिहिताना नमुना म्हणून त्याने रुआँच्या संग्रहालयातून एक पेंढा भरलेला पोपट उसना आणून टेबलावर ठेवला होता. बार्न्स यांच्या कादंबरीतला निवृत्त इंग्रज डॉक्टर हा पोपट शोधत फ्रान्सला जातो. रुआँच्या एका संग्रहालयात तो त्याला सापडतो, आणि डॉक्टरचा ऊर भरून येतो. थोड्याच दिवसांत दुसऱ्या ठिकाणी दुसरा पोपट भेटतो. तोही खरा असल्याचा तिथल्या लोकांचा दावा. शेवटी असा उलगडा होतो की संग्रहालयाकडे मुळात पन्नास पोपट होते, आणि ज्याने त्याने त्यांतला आपल्याला योग्य वाटला तो नेला. डॉक्टर वरच्या अडगळीच्या खोलीत जातो तेव्हा तिथे तीन उरलेले असतात, कीटकनाशकाची भुकटी अंगावर घेऊन बसलेले.

मी वही आणली आणि डाव्या रकान्यात ‘फ्लोबेर्स पॅरट’ असे लिहून उजवीकडे स्वतःचेच नाव लिहिले. तो डॉक्टर मीच होतो. बोवीने मुद्दाम हे पुस्तक यादीत पेरून ठेवले असावे असा संशयही आला, आणि तो अगदीच निराधार नाही. विल्यम बॉइड या कादंबरीकाराने १९९८ साली नॅट टेट नावाच्या विस्मृतीत गेलेल्या अमेरिकी चित्रकाराचे चरित्र लिहिले. ते काढणाऱ्या प्रकाशनसंस्थेत बोवी भागीदार होता. १ एप्रिलच्या आदल्या संध्याकाळी न्यूयॉर्कमध्ये कलाजगतातल्या पाहुण्यांसमोर बोवीने त्यातले उतारे गंभीर चेहऱ्याने वाचून दाखवले. नॅट टेट कधी अस्तित्वातच नव्हता. लंडनच्या नॅशनल गॅलरी आणि टेट या दोन कलासंग्रहालयांच्या नावांतून त्याचे नाव जुळवलेले होते. असा माणूस शंभर पुस्तकांची यादी हातात देतो तेव्हा ती ढळढळीत कबुली म्हणून घ्यायची की आणखी एक सोंग म्हणून? मला वाटते, ती दोन्ही असावी; त्याची बाकीची सोंगे तरी कुठे निव्वळ सोंगे होती.

वही मिटल्यावर वाचन सुखाचे झाले. यादीतले एक पुस्तक मात्र मी शोधत राहिलो: ‘अ ग्रेव्ह फॉर अ डॉल्फिन’. लेखक अल्बेर्तो देन्ती दि पिरायनो हे इटालियन सरदार, पेशाने डॉक्टर, लिबिया आणि पूर्व आफ्रिकेत वसाहतीच्या सेवेत बरीच वर्षे काढलेले. १९५६ सालचे हे पुस्तक आज सहसा कोणाच्या बोलण्यात येत नाही. त्यात समुद्रात डॉल्फिनच्या सोबतीने पोहणाऱ्या एका मुलीची प्रेमकथा आहे. १९७७ साली बर्लिनच्या भिंतीलगतच्या हान्सा स्टुडिओत ‘हीरोज’ हे गाणे ध्वनिमुद्रित झाले. ते कशावर आहे असे विचारले तर कोणीही भिंतीपाशी चुंबन घेणाऱ्या जोडप्याचे नाव घेईल, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच गाण्यात, डॉल्फिनसारखे पोहता यावे अशी एक इच्छा येते. भिंतीशी तिचा काही संबंध नाही, आणि बर्लिनपासून समुद्र लांब आहे. मी ती ओळ शेकडो वेळा ऐकली होती आणि दर वेळी तिला यमकासाठी घातलेले भरताड समजून पुढे गेलो होतो. ती या पुस्तकातून आलेली आहे, हे बोवीनेच पुढे सांगितले. इमान या मॉडेलशी लग्न झाल्यावर त्याने आपल्या पोटरीवर डॉल्फिन गोंदवून घेतला तोही याच पुस्तकातला.

मला मिळालेली प्रत इंग्लंडमधल्या कुठल्याशा सार्वजनिक ग्रंथालयाने रद्द करून विकलेली आहे. पाने पिवळी पडलेली, पाठीचा दोरा सैल झालेला. आतल्या पुठ्ठ्यावर परतीच्या तारखांचा कागद अजून चिकटलेला आहे, जांभळ्या शिक्क्यांची एक तिरपी रांग, मध्येच एखादा उलटा उमटलेला. मुलगी आणि डॉल्फिन एकत्र पोहतात त्या परिच्छेदाच्या समासात कोणीतरी पेन्सिलीने उभी रेघ ओढली आहे, हलक्या हाताने, पुसता येईल अशी. माझ्यासारखाच कोणी गाण्याचा माग काढत इथवर आला असणार, असे पहिल्यांदा वाटले आणि थोडी असूयाही वाटली. मग मी तारखांच्या कागदाकडे पुन्हा पाहिले. शेवटचा शिक्का १९६८ सालचा होता.